दोन आळ्यांचं वैर

"आजा, तू एकदा सगळ्यांसमोर खरं काय ते बोल ना," सरस्वती म्हणाली. "तेवढं बोललास की उत्तमच्या घरचे लग्नाला तयार आहेत."

दाजी जाळं सांधता सांधता थांबला. नातीचा जीव जडलेला तो उत्तमवर. आणि उत्तम वरच्या आळीतला, जनाबाईचा नातू.

कोलशेतच्या त्या पाड्यात आळ्या दोनच, वरची आणि दाजीची खालची. खाडीत जाळी लावायच्या जागेवरून आधी बाचाबाची, मग डोकी फुटलेली. जनाबाईचा नवरा कान्हा नाहीसा झाला, तेव्हापासून तर एकमेकांच्या मयतालाही कुणी जाईना. दाजीनंच त्याला खाडीत बुडवला, असं वरची आळी म्हणे. पोलीस आले, प्रेत मिळालं नाही, दाजी सुटला. पण बाजारात वरच्या आळीतल्या बायकांनी त्याच्या बायकोची मासळीची पाटी कधी शेजारी टेकू दिली नाही. ती बिचारी तशीच मेली.

नव्वद साल उजाडलं तोवर खाडीला कारखान्यांच्या पाण्याचा वास सुटलेला. मासा नाही, म्हणजे भांडायला जागाही नाही. वैर तेवढं उरलेलं.

"बोलतो," दाजी म्हणाला. "दमलो मी आता."

रविवारी देवळापुढे दोन्ही आळ्या जमल्या. वरच्या आळीच्या भिवाजीनं विचारलं, "दाजी, देवीसमोर काय ते खरं सांग."

"कान्हा माझ्याच होडीत बसलेला," दाजी म्हणाला. "परत आलो तो मी एकलाच. जनाबाईचं कपाळ मोकळं झालं ते माझ्यापायी."

जनाबाई काठी टेकत उठली. आता ही मारणार, असं दाजीला वाटलं.

"एवढंच ऐकायचं होतं रे मेल्या," ती म्हणाली आणि प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा तिनं त्याच्या हातावर ठेवला.

दाजीला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी तो एस्टीनं कल्याणला गेला, तिथून मोहन्याला. कारखान्यामागच्या चाळीत शेवटच्या खोलीचं दार वाजवलं. कपाळभर कुंकू लावलेल्या एका म्हातारीनं दार उघडलं, ओळखीचं हसली आणि पाणी आणायला आत गेली.

खाटेवरचा म्हातारा खोकत उठून बसला. "काय रे, बऱ्याच दिवसांनी?"

दाजीनं पेढ्यांचा पुडा त्याच्या मांडीवर ठेवला.

"तुझ्या नातवाचं लग्न ठरलं, कान्हा."