तोंडानं घ्यायचं नाव

भाटघरचं धरण बांधून झालं, त्या सुमाराला वरच्या अंगाच्या धनगरवाड्यांनी मिळून लोकरीची सोसायटी काढली. चेअरमन व्हायला चिमाजी उतावीळ. आपलं एक मत वाढावं म्हणून त्यानं बायकोच्या, बयाबाईच्या नावानंही शेअर घेतला. मतं चिठ्ठ्या टाकून द्यायची ठरत होती, तर हाच अडून बसला.

"गुपचूप काय न्हाई. ज्यानं त्यानं उभं ऱ्हायाचं आन् तोंडानं नाव घ्यायचं. मंजी दगाफटका न्हाई!"

तसा नियम झाला.

चिमाजी आणि त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला गेनू, दोघांची मतं बरोबरीत आली. एकटी बयाबाई उरली. ती पदर सावरत उठली आणि खाली मान घालून उभी राहिली.

"आमच्या मंडळीचं मत मलाच हाय. लिवा!" चिमाजी ओरडला.

"नियम तुमचाच आहे, चिमाजीराव," भोरहून आलेले सेक्रेटरी म्हणाले. "नाव त्यांनी स्वतः घ्यायचं."

नवऱ्याचं नाव, तेही भर सभेत! बायाबापड्या हळहळल्या. बयाबाई हळूच म्हणाली, "गेनूभावजी."

गेनू चेअरमन झाला.

घरच्या वाटेला चिमाजी नुसता धुमसत होता. "लग्नात भरल्या मांडवात उखाणा घिऊन माजं नाव घेतलंस की! मग आजच काय झालं व्हतं?"

मागून येणारी बयाबाई पदराआड हसली.

"तवा मी तुमास्नी वळखत न्हवते."