चौथा खांदा

ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचं की नाही, या मतदानाच्या वेळी एकमेकांना 'खोटारडा' आणि 'देशद्रोही' म्हणत क्रॉसली आणि पेनफोल्ड या दोन विरोधी पुढाऱ्यांनी सगळा देश पेटवला होता. आता तेच दोघं जोडीने गावोगाव नेतृत्वाचे धडे देत फिरत होते. यॉर्कशायरमधल्या त्या गावच्या टाउन हॉलमध्ये ते चहाचे कप घेऊन मांडीला मांडी लावून बसले होते.

"त्या धामधुमीतही आम्ही रोज रात्री एकत्र जेवायचो," क्रॉसली म्हणाला. "मतभेद घरी न्यायचे नसतात, हा पहिला धडा."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून एडविन उठला. हातातली टोपी त्याने पार पिळून काढली होती.

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा सांगितलं असतं तर मतं द्यायला कोण आलं असतं, काका?" पेनफोल्डने डोळा मारला आणि सगळा हॉल खिदळला.



त्या मतदानाच्या वर्षी एडविनच्या आईच्या शवपेटीला चौथा खांदा भाड्याच्या माणसाने दिला होता, कारण एडविनचाच सख्खा धाकटा भाऊ चर्चच्या दारात खिशात हात घालून म्हणाला होता, "देशद्रोह्याबरोबर मी खांदा देणार नाही."