एक वडी कमी

ज्योतीरामने डबा तिसऱ्यांदा मोजला. सायनाइडच्या वड्या अकराच भरल्या. सकाळी बारा होत्या.

एक वडी म्हणजे कितीतरी माणसांचं मरण. डब्याच्या कुलपाला किल्ल्या दोनच. एक त्याच्या करगोट्याला, दुसरी मालकांच्या खोलीत खिळ्याला. आणि त्या खोलीत कुणीही जाई-येई.

सायकलच्या घंट्यांना मुलामा देणारा चिंचवडचा तो लहानसा कारखाना. महिन्यापूर्वी इथेच कामगार चिमाजी गेला. मालक दौलतराव घाईत म्हणाले होते, "उरलेलं तेजाब ओत त्याच मोरीत." मोरीत मुलाम्याच्या हौदातलं सायनाइडचं पाणी साचलेलं. तेजाब पडलं, विषारी वायू उठला आणि चिमाजी बादलीसकट कोसळला, तो उठलाच नाही. पंचनाम्यात अपघात लिहिला गेला; दौलतराव मात्र तेव्हापासून मोरीकडे फिरकले नव्हते.

त्याचा धाकटा भाऊ भिमाजी तेराव्यानंतर कुरुळीहून मुकाट कामावर आला. ना रडला, ना भांडला. त्याचं ते गप्प राहणंच ज्योतीरामला खुपत होतं.

आणि मघाशी तो किटली घेऊन मालकांच्या खोलीकडे निघाला होता.

"चहा तू कसा काय नेतोयस?" ज्योतीरामने विचारलं होतं.

"हॉटेलवाला आला न्हाई," भिमाजी नजर न उचलता म्हणाला.

ते आठवलं आणि ज्योतीराम धावत सुटला.

खोलीत भिमाजी किटली धरून उभा होता. दौलतरावांनी टेबलावरचा भरलेला कप ओठांपाशी नेला होता. ज्योतीरामने फटका मारला. कप फरशीवर फुटला.

"मालक, वडी चोरीला गेलीय! यानंच घातली असणार चहात!"

"म्या?"

"खरा असशील तर पी किटलीतला!"

भिमाजीने किटलीचं झाकण उलटं केलं, त्यात चहा ओतला आणि दोन घोटांत संपवला. "माझा भाऊ यांच्यापायी गेला, व्हय. पर इख घालणारी औलाद न्हाई आमची."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. भिमाजीला साधा ठसकाही लागला नाही.

ज्योतीरामची मान खाली गेली. "चुकलो, भावा. पण मग वडी गेली कुठं?"

दौलतराव फुटक्या कपाकडे बघत होते.

"किटलीत नव्हतीच ती," ते म्हणाले. "चहा यायच्या आधी मीच माझ्या कपात टाकली होती."