पाद्री येईपर्यंत

ओहोटीनं होडी खाडीच्या चिखलात रुतली होती. बेलापूरच्या घराच्या दारातून लुर्दीनला ती स्पष्ट दिसत होती. नवरा पेद्रू वल्हं रोवून उभा, आणि ठाण्याहून आणलेले पाद्री पांढऱ्या झग्यात बसून. चिखल कमरेएवढा. पाणी चढायला दुपार होणार.

आत खाटेवर सासू, रेमेदबाय. प्रत्येक श्वासानंतर थांबत होती.

"आले?"

"येतायत, माय."

"खोटं बोलू नको. त्यांच्या आदी मी जाईन." तिनं सुनेचं मनगट धरलं. "तूच आयक माजा कुमसार."

लुर्दीननं कडेवरची मुलगी घट्ट धरली. "पापांची कबुली मला कशी ऐकता येईल? पाद्रीच लागतात."

"ही जल्मली तवा निळी परली व्हती. बाजेवरून हात लांबवून तूच हिच्या डोक्यावर पानी घातलंस ना? पाद्रींनी त्यो बाप्तिस्मा खरा मानला."

"वेळ आली तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. माफी नाही."

"कालेजात ह्येच शिकलीस?"

"मनातल्या मनात देवाला सांगा ना, माय. तो ऐकतो."

"देवाला ठावं हाय गो. माफ केलं, असं मला कुनाच्या तरी तोंडून आयकायचंय."

आणि लुर्दीननं अडवायच्या आत ती बोलू लागली. पहिलं बाळंतपण. मुलगी झाली. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं, पाजलंच नाही. पोर गेली. लोक म्हणाले, देवाची मर्जी.

"मर्जी माजी व्हती. दर साली कुमसाराला बसले न् येवढंच गिळलं. पोर रडती तवा छातीला काय व्हतं, ते पुरुषमानसाला काय सांगायचं?"

कडेवरची मुलगी लुर्दीनच्या पदराशी झोंबू लागली. तिनं तिला तशीच छातीशी लावली.

माफीचे लॅटिन शब्द तिला पाठ होते. लहानपणापासून कुमसाराला बसताना पाद्रींच्या तोंडून जाळीपलीकडून ऐकलेले. एकदाच, या एका बाईसाठी ते म्हणता यावेत, याहून जास्त तिला काही नको होतं. उजवा हात आपोआप वर गेला. ओठ हलले. आवाज फुटेना.

रेमेदबाय डोळे मिटून, मान वाकवून थांबली होती.

"मोठ्यानं बोल गो," ती म्हणाली. "मला कमी आयकू येतं."