गुरुजींच्या हातातली तार

"तार आलीया," गावातला कारभारी दारातूनच म्हणाला, आणि मालनबाईनं चुलीतलं जळण बाहेर ओढून त्यावर पाणी मारलं.

भाकरी तव्यावर अर्धी कच्ची राहिली. राहू दे. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरी चूल पेटत नाही, आणि तारेला त्या गावात दुसरा अर्थच नव्हता. लढाई थांबून आठ दिवस झाले होते. फौजेतल्या लेकाचं, छगनचं, पत्र नव्हतं.

"कुठाय?"

"गुरुजींकडं दिली. सोनईच्या पोष्टातल्यानं बजावलं हुतं, गुरुजींच्याच हातात दे म्हनून."

कारभारी बाजार करून बैलगाडीनं परतला होता. अक्षराशी त्याचं उभ्या जन्माचं वैर. पण एवढं कळायला वाचता कशाला यायला हवं? इंग्रजी कागद कुणाचाही असो, जायचा सुमंत गुरुजींच्याच ओटीवर. आणि बंदूक घेऊन उभं असलेलं पोरगं गावात एकच, मालनबाईचं. गुरुजींचा मुलगा नृसिंहही बरोबर गेला होता म्हणा, पण तो मॅट्रिक पास. फौजेच्या कुठल्याशा हापिसात लेखणी घासत असणार, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

शेजारच्या राहीबाईनं रीतीप्रमाणे आपल्या घरचं पिठलं-भाकरी दुरडीत घातली आणि गळा काढत ती मागून निघाली.

"गप गं," मालनबाई म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. पाय आपले चालत होते.

दीड वर्षापूर्वी छगन शाळेतून आला तो उड्या मारतच. "आये, नुसतं जॉइन म्हंजी कशातबी सामील व्हनं. शाळंत, नोकरीत. म्होरं अप लावलं की फौजंत भरती!" वाक्यात वापर करा, असं गुरुजींनी सांगितलं होतं. छगननं वहीत लिहिलं, छगन विल जॉइन अप. गुरुजींनी खाली लाल शाईनं शाबास लिहिलं. परीक्षा संपली आणि दोघं पोरं पळून नगरला गेली, भरती झाली.

तेव्हा मालनबाईनं भर चावडीत गुरुजींना शिव्याशाप दिले होते. "तुमच्या शब्दानं माझं पोर खाल्लं!" गुरुजी खाली मान घालून निघून गेले होते.

आज ते ओटीवर बसले होते. तार हातात होती. आत स्टोव्ह फरफरत होता.

"वाचा, गुरुजी."

गुरुजींनी वर्गात बघावं तसं तिच्याकडं बघितलं. "मालनबाई, जॉइन अप म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"फौजंत भरती व्हनं."

"बरोबर. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली होती. दुसरं, नुसत्या जॉइनचं, काही केल्या आठवत नाही."

"तुमच्या पाया पडते. माझा छगन हाय का गेला, येवढंच सांगा."

"छगन?" गुरुजी म्हणाले. "यात छगनचं नाव नाही."

राहीबाईचं रडं मध्येच थांबलं. मालनबाईला हसू आलं. लाजलज्जा सोडून आलं. देवा, पावलास रे बाबा! असं म्हणत ती मटकन खालीच बसली.

गुरुजींनी तारेची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"अहो, कोण आलंय?" आतून गुरुजींच्या बायकोनं, अंबिकाबाईंनी, विचारलं. "चहा टाकलाय मी. आणि तार कुणाची म्हणायची?"

गुरुजींनी घडी पुन्हा उलगडली.

मालनबाईचं हसू ओठावरच राहिलं. ती उठली, राहीबाईच्या हातातली दुरडी घेतली, आजवर कधी न ओलांडलेला तो उंबरा ओलांडला आणि आत जाऊन अंबिकाबाईंचा पेटता स्टोव्ह विझवला.