डावी शेंबी

"नवा पत्रा लावायचा न्हाई. हाच ठोकून सरळ कर. उगं खर्चात पाडू नको मला, मिस्त्री," भरत खेकसला.

इस्माईल मिस्त्रीनं मान हलवली आणि हातोडी उचलली. मंचरच्या रस्त्याला त्याचं गॅरेज होतं. भरतनं निमगाव सावाहून ही जुनी पिकअप ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली, तेव्हा बाकीच्या गॅरेजवाल्यांनी आकडे असे सांगितले की भरतचं डोकंच फिरलं. इस्माईल मात्र गाडीभोवती एक चक्कर मारून पुढच्या बंपरजवळ उकिडवा बसला. बराच वेळ बसला. उठला तो भरत म्हणेल त्या पैशांना तयार. माणूस अडलेला आहे हे भरतनं तिथंच ओळखलं, आणि अडलेल्याला दाबायचं कसं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

गाडी त्याच्या बापाची, रखमाजीची. शर्यतीची बैलजोडी विकून म्हाताऱ्यानं ती घेतली होती. बैल गेले पण त्यांच्या शिंगांवरच्या पितळी शेंब्या त्यानं दिल्या नाहीत. बंपरच्या दोन टोकांना सरजा बैलाच्या त्या टोकदार टोप्या ठोकून बसवल्या आणि गाडीलाच शिंगं केली. असलं येड त्यालाच सुचावं. आता उजवी शेंबी तेवढी जागेवर होती. डावीकडं नुसती दोन भोकं, फुटलेला दिवा आणि आत गेलेला पत्रा.

"हे काय झालं?" इस्माईलनं विचारलं.

"बांधावरच्या लिंबाला घासली."

"आणि डावी शेंबी?"

"नेली असंल पोरांनी. तू गाडी बघ ना. आणि हिरवी कर. हाय तशी पांढरी नको."

"पांढरी चांगली दिसती, भाऊ."

"तुला विचारलं का?"

असं रोज चालायचं. भरतनं भंगारातला क्लच आणून दिला, दुसऱ्या गाडीच्या सीटा आणल्या, रेक्झिनसुद्धा उसवलेलं आणलं. बसलं नाही की शिव्या इस्माईलला. इस्माईल निमूटपणे कानस घेऊन बसायचा, आणि भरतला त्या निमूटपणाचाच जास्त राग यायचा.

दुसरा राग त्याच्या मुलीचा. आरफा स्टुलावर बसून गाडीचं मागचं फळकूट रंगवत होती, वेलबुट्टी काढत होती. हात सुरेख होता, पण तोंड कायम फुगलेलं. भरत आला की ती ब्रश थांबवून त्याच्याकडं बघत राहायची.

"गिऱ्हाईक उन्हातनं येतंय, उठून पाणी द्यावं एवढंबी वळण न्हाई का हिला?" भरत एकदा बोललाच.

"ती नाय उठत," इस्माईल म्हणाला आणि स्वतः पाणी घेऊन आला.

भरत हे सगळं सोसत होता ते सावळेरामसाठी. मढला, माळशेजच्या रस्त्यावर सावळेरामचं हॉटेल होतं. फोटो काढायला पर्यटक थांबावेत म्हणून दारात जुनी गाडी उभी करायचं त्याच्या मनात होतं. रखमाजीचा गाडीजवळचा फोटो बघून तो खूश झाला होता, पण अट एकच. दोन्ही शेंब्या पाहिजेत, आणि त्याच. एका शिंगाचं जनावर तो दारात बांधणार नव्हता. म्हणून उजवीसारखीच जुनी शेंबी कुठनं तरी शोधायला भरतनं इस्माईलला सांगून ठेवलं होतं. त्याच पैशावर भरतनं नवा ट्रॅक्टर ठरवला होता, गावभर सांगूनही झालं होतं. सौदा मोडला असता तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

"उजवीची जोड मिळाली," एक दिवस इस्माईलचा फोन आला. "घेऊन या पावण्यांना."

गाडी हिरवीगार चमकत होती. सावळेराम खुशीत पुढं गेला आणि डाव्या शेंबीशी थबकला.

"ही नवी ओतून आणलीय," तो म्हणाला. "मला येडा समजता का राव? नकली माल घालून पैसे अस्सलचे?"

भरत वाकला. त्याचा अंगठा शेंबीवरच्या एका चेपावर थांबला.

"कुठं मिळाली?" त्यानं हळूच विचारलं.

"मिळाली एकाकडं. जुनंच पाहिजे व्हतं ना तुमाला?"

सावळेराम आपल्या मोटारीकडं निघालाही होता. भरतच्या डोळ्यापुढून ट्रॅक्टर गेला.

"ओ पावणं, थांबा! बापाची शपथ घेतो, सरजाच्या डाव्या शिंगाची हाय ही. हा चेप बघा. ल्हानपणी मीच दगडावर आपटली व्हती. लई मार खाल्ला व्हता त्यापायी."

सावळेरामनं शेंबीवरून बोट फिरवलं. चेप होता.

"मग निघाली कधी?"

"तीन वर्सं झाली. भादवी पोळ्याला सकाळी मीच चिंच लावून दोन्ही घासल्या व्हत्या. तवर जोडी जागेवर व्हती."

"गाडी कुणाला चालवायला दिली व्हती का मधी?" इस्माईलनं सहज विचारलं.

"नाव नको! बाप त्याच्या आदल्याच वर्साला गेला, तवापासनं माझ्याबिगर कुणी ष्टेरिंगला हात लावलेला न्हाई."

सावळेरामचा चेहरा खुलला. त्यानं सौद्याचा हात पुढं केला आणि भरतनं तो घट्ट धरला. बापाच्या येडानं शेवटी कामाला यावं, याचं त्याला हसू आलं.

इस्माईलनं फडक्याला हात पुसले.

"आरफा, ऐकलं ना?"

आरफानं ब्रश ठेवला. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती स्टुलावरून उठली. गाडीच्या फळ्या धरत, डावा पाय ओढत ती बंपरपर्यंत आली. भरतकडं तिनं बघितलंही नाही.

"पावणं, शेंबी खरीच हाय," ती सावळेरामला म्हणाली. "पोळ्याच्या संध्याकाळी डॉक्टरांनी माझ्या मांडीतनं काढली."