आबांची लॉरी
"चढ लागला की गाडीला लेकीगत गोंजारावं, मग ती रुसत नाही," आबा स्टिअरिंग धरून म्हणायचे. दोह्यात अरब मालकाच्या हौसेच्या जुन्या विलायती लॉऱ्या दुरुस्त करताना भागवतला बापाचा तो आवाज ऐकू यायचा. तो निघाला तेव्हा आबांची तसलीच लॉरी गावी शेडमध्ये उभी होती. पहिल्या सुट्टीत ती चालू करायची, हे त्याचं ठरलेलं. तोवर खोलीवर बसून तो पत्र्याच्या तुकड्यांतून तिचं हुबेहूब मॉडेल घडवायचा. मापं आबा फोनवर सांगायचे, विती-बोटांत. त्या शुक्रवारी मागचा फाळका बसेना. "आबा, वितींवर भागत नाही, शेडात जाऊन टेप लावा की!" आबा पाऊसपाण्याचं बोलू लागले. "गुडघे दुखतायत का? मग उद्या मोजा." "उद्या तरी काय मोजू, लेका?" आबा म्हणाले. "तू गेल्यावर तुझ्या व्हिसाच्या कर्जापायी मीच तिला भंगारात घातलं. तोडून होईस्तोवर तिथंच उभा होतो."